तक्रारीचा कागद पुढे कुठे जातो?

ऑफिसात पाण्याच्या फिल्टरशेजारी किंवा लिफ्टच्या दाराजवळ एक कागद लावलेला असतो. वर 'अंतर्गत समिती' असे शीर्षक, खाली चार-पाच नावे आणि फोन नंबर. कुठे कुठे त्यातली एक बाई दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेली असते आणि नंबर लागत नाही. त्या कागदासमोरून आपण रोज जातो, पण तो वाचायची वेळ येते तेव्हा मन थाऱ्यावर नसते आणि डोळ्यांपुढची अक्षरे डोक्यात शिरत नाहीत.

मी गेली काही वर्षे अशा समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते आहे. समोरच्या खुर्चीत येऊन बसलेली जवळजवळ प्रत्येक जण आधी एकच विचारते, "मॅडम, आता पुढे काय होणार?" ज्यांच्यावर आरोप झालेला असतो ते पुरुषही हेच विचारतात. हा प्रश्न अंगावर येण्याआधी, शांत डोक्याने त्याचे उत्तर वाचता यावे म्हणून हे लिहिते आहे.

या कागदाचे मूळ राजस्थानात आहे. जयपूरजवळच्या भटेरी गावात भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवायचा प्रयत्न हा त्यांच्या कामाचाच भाग होता. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले. ज्या कामामुळे हे घडले ते काम सरकारचे, पण काम करणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही, ही गोष्ट 'विशाखा' आणि इतर संस्थांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल आला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या त्या खंडपीठात न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. संसद कायदा करत नाही तोवर प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. हीच ती विशाखा मार्गदर्शक तत्त्वे.

कायदा यायला आणखी सोळा वर्षे लागली. मधल्या काळात समित्या कागदावरच राहत होत्या, म्हणून पुण्याच्या 'आलोचना' केंद्राच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयात पाठपुरावा केला. त्या प्रकरणात एक फार मोलाची गोष्ट पक्की झाली. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा. त्याआधी बाईने समितीपुढे सगळे सांगायचे, समितीने ते खरे धरायचे आणि मग खात्याने पुन्हा नव्याने चौकशी लावायची, असे चाले. तेच तेच दोनदा, तीनदा सांगायची शिक्षा तक्रार करणारीलाच होई. ती थांबली. आज आपण ज्याला 'पॉश कायदा' म्हणतो तो कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

आता एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेले आहे, पण यातला एकेक तुकडा कुठल्या ना कुठल्या समितीसमोर येऊन गेलेला आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करणारी अनघा. तिचा टीम लीड रात्री अकरानंतर मेसेज पाठवतो. आधी कामाचे, मग 'डीपी छान आहे', मग त्याहून पुढचे. एकदा क्लायंटसोबतचे जेवण आटोपून कंपनीच्या कॅबने परतताना तो तिच्या मांडीवर हात ठेवतो. ती हात झटकते, दुसऱ्या दिवशी स्पष्ट शब्दांत सांगते की हे मला चालणार नाही. त्यानंतर तिच्या कामात अचानक खोट दिसू लागते. शेवटचा मेसेज १० मार्चचा असतो, 'अप्रेझल जवळ आलंय, विचार कर.'

यातले नेमके काय कायद्यात बसते? अंगचटीला जाणे, शरीरसुखाची मागणी किंवा विनंती, लैंगिक अर्थाची शेरेबाजी, अश्लील चित्रे-व्हिडिओ दाखवणे, आणि याशिवाय लैंगिक स्वरूपाचे कुठलेही नकोसे वागणे, मग ते स्पर्शाचे असो, बोलण्याचे असो की नुसत्या हावभावांचे. या सगळ्याचा कणा 'नकोसे' हा शब्द आहे. "मी तर मस्करीत म्हणालो" हे वाक्य समितीने हजारदा ऐकलेले असते. बोलणाऱ्याच्या मनात काय होते यापेक्षा ऐकणारीला ते नको होते का, हे इथे आधी पाहिले जाते. शिवाय नोकरीत फायद्याचे आमिष, नुकसानीची धमकी, किंवा तिथे काम करणेच अशक्य व्हावे असे वातावरण निर्माण करणे यांचाही कायद्यात वेगळा उल्लेख आहे. अनघाच्या शेवटच्या मेसेजमध्ये आमिष आणि धमकी दोन्ही एकाच ओळीत आहेत.

कॅबमध्ये घडले, ऑफिसात नाही, म्हणून ते सुटत नाही. कामानिमित्त जिथे जिथे जावे लागते ती सगळी ठिकाणे आणि मालकाने पुरवलेले वाहनही कायद्याने कामाच्या ठिकाणातच धरले आहे. अनघा कायम नोकरीत असायला हवी असेही नाही. प्रोबेशनवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, शिकाऊ, बिनपगारी स्वयंसेविका, या सगळ्यांना तक्रार करता येते. एखादी ग्राहक म्हणून त्या ऑफिसात आली असेल, तर तिलाही.

समिती कशी बनते ते पाहू, कारण पहिली गडबड इथेच होते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक आस्थापनेत, आणि शाखा वेगवेगळ्या असतील तर प्रत्येक शाखेत, अंतर्गत समिती हवी. अध्यक्षस्थानी त्याच ठिकाणची वरिष्ठ पदावरची महिला. कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य. एक सदस्य बाहेरची, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे.

बाहेरची सदस्य कशासाठी, असे मला अनेकदा विचारले जाते. आतल्या लोकांचे पगार, बढत्या, बदल्या सगळे व्यवस्थापनाच्या हातात असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो कदाचित त्यांचाच साहेब असतो. त्या खोलीत एक तरी माणूस असा हवा की ज्याला त्या कंपनीकडून काही मिळवायचे नाही आणि काही गमवायचेही नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका बँकेतल्या महिला अधिकाऱ्याचे प्रकरण आले. तिथे बाहेरची सदस्य म्हणून बसलेली व्यक्ती त्याच बँकेच्या पॅनलवरची वकील निघाली. न्यायालयाने ते अमान्य केले. कंपनीचीच वकीलमंडळी, तिचे सल्लागार किंवा संचालकांच्या ओळखीतली माणसे 'बाहेरची' म्हणून बसवायची पद्धत अजूनही मला दिसते. ती चुकीची आहे, आणि अशा समितीचा अहवाल पुढे कोर्टात टिकेल याची खात्री कुणालाच देता येणार नाही.

तर अनघा तक्रार लिहिते. मुदत तीन महिन्यांची. घटनांची मालिका असेल तर ती शेवटच्या घटनेपासून मोजायची, म्हणजे तिच्याकडे १० जूनपर्यंत वेळ आहे. त्या काळात तक्रार करता येऊ नये अशी परिस्थिती होती हे पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, कारण लेखी नोंदवून. त्यापुढे मात्र या कायद्याचा दरवाजा बंद होतो. मला स्वतःला ही मुदत तोकडी वाटते. घाबरलेल्या, एकटी कमावती असलेल्या, गावाहून आलेल्या मुलीला स्वतःशीच कबुली द्यायला तीन महिने पुरत नाहीत. पण कायदा बदलत नाही तोवर तारीख पाळावीच लागते.

तक्रार लेखी हवी. तिला वकिली भाषा लागत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडले, कोण हजर होते, त्यानंतर तुम्ही काय केले, कुणाला सांगितले, एवढे साध्या मराठीत लिहावे. मेसेजचे स्क्रीनशॉट जोडावेत, पण मूळ मेसेज फोनमधून पुसू नयेत. चीड येऊन चॅट डिलीट केल्याने हातचा पुरावा गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे असतात. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणे हे समितीचे काम आहे. "लिहून आणा, मग बघू" असे म्हणून परत पाठवणारी समिती स्वतःच नियम मोडत असते.

तक्रार मिळाल्यापासून सात कामाच्या दिवसांत तिची एक प्रत टीम लीडला जाते. इथे अनेकींना धक्का बसतो. "त्याला माझी तक्रार वाचायला देणार?" हो, द्यावीच लागते. आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे माहीत नसलेल्या माणसाची चौकशी ही चौकशीच नव्हे. त्याला उत्तर द्यायला दहा कामाचे दिवस मिळतात. तोही कागद जोडतो, साक्षीदारांची नावे देतो.

मग रोज त्याच माणसाच्या हाताखाली काम कसे करायचे? त्यासाठी अंतरिम दिलाशाची सोय आहे, आणि ती फारच थोड्या जणींना माहीत असते. चौकशी चालू असताना अनघा लेखी अर्ज करू शकते की माझी किंवा त्याची बदली करा, मला जास्तीत जास्त तीन महिन्यांची रजा द्या, माझ्या कामाचे मूल्यमापन त्याच्याकडून काढून दुसऱ्या कुणाकडे द्या. ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. समितीने शिफारस केली की व्यवस्थापनाने ती अमलात आणायची. बदली कुणाची करायची हा प्रश्न आला की व्यवस्थापन हमखास बाईचीच बदली सुचवते, कारण ते सोपे जाते. तिला ती हवी असेल तर ठीक. नको असेल तर समितीने ठाम राहिले पाहिजे, नाहीतर तक्रार केल्याची शिक्षा तिलाच भोगावी लागते.

चौकशी सुरू होण्याआधी समेटाचा एक मार्ग आहे. तो फक्त तक्रारदार बाईच्याच सांगण्यावरून घेता येतो. समितीने, एचआरने किंवा साहेबाने "जाऊ दे ना, मिटवून टाकू" म्हणून तिला त्या वाटेला लावायचे नाही. आणि पैशांवर समेट होत नाही, तशी कायद्यात स्पष्ट मनाई आहे. लेखी माफी, पुन्हा असे न करण्याची हमी, टीम बदलणे अशा अटींवर होऊ शकतो. समेट लिहून घ्यायचा, दोघांना प्रती द्यायच्या. त्याने अटी मोडल्या तर समिती चौकशी सुरू करते.

अनघाला समेट नको आहे. तेव्हा आता चौकशी, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते हिच्याबद्दलच.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार समितीला असतात. ती कुणालाही हजर राहायला सांगू शकते, शपथेवर जबाब घेऊ शकते, कागद मागवू शकते. कॅबची नोंद, सीसीटीव्ही, ऑफिसच्या चॅटचे लॉग, अप्रेझलच्या फायली हे सगळे कंपनीकडून मागवता येते. प्रत्येक बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. ही तरतूद मला आवडते. तिच्यामुळे पैशाच्या जोरावर उभा केलेला नामवंत वकील आणि एकटी बसलेली मुलगी असा विषम सामना होत नाही.

पुरावा किती लागतो? फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. इथे तसे नाही. दोन्ही बाजूंचे ऐकून, कागद तपासून, जे घडले असण्याची शक्यता जास्त दिसते ते समिती ग्राह्य धरते. बंद कॅबमधल्या स्पर्शाला साक्षीदार कुठून येणार? तिने त्याच रात्री मैत्रिणीला केलेला फोन, दुसऱ्या दिवशी त्याला पाठवलेला निषेधाचा मेसेज, तोवर उत्तम असलेले अप्रेझल नेमके त्यानंतर घसरणे, या साखळीतून समिती निष्कर्षाला पोहोचते.

पण त्याचीही बाजू पुरती ऐकून घ्यावी लागते. साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी त्याला मिळाली पाहिजे. समोरासमोर बसवणे तिला जाचणार असेल तर त्याचे प्रश्न लेखी घेऊन समितीने ते विचारायचे, उत्तरे त्याला द्यायची. तो सलग तीन बैठकांना कारणाशिवाय आला नाही तर त्याच्या गैरहजेरीत पुढे जाता येते, मात्र तसे करण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

ही पंधरा दिवसांची नोटीस, ही प्रश्न विचारायची संधी बऱ्याच समित्यांना नसता घोळ वाटते. "मॅडम, सगळं तर उघड आहे, कशाला लांबवायचं?" असे मला अगदी चांगल्या मनाच्या सदस्यांनी म्हटलेले आहे. अशा वेळी मी त्यांना गोव्याची गोष्ट सांगते.

गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समिती नेमली गेली. मे महिन्यात समितीने एकामागून एक बैठका लावल्या. त्याने आजारपणाचे कारण देऊन मुदत मागितली, ती पुरेशी मिळाली नाही, आणि त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकून अहवाल दिला गेला. त्याला नोकरीतून काढले. त्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेटाळली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १२ मे २०२३ रोजी निकाल लागला. बडतर्फीचा आदेश रद्द. जिथे घाई सुरू झाली त्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा करायची. पीडितांना न्याय देण्याच्या समितीच्या उतावळेपणानेच त्यांचे अधिक नुकसान झाले, असे न्यायालयाने नोंदवले.

चौदा वर्षे झाली होती. त्या मुलींचे शिक्षण संपले, नोकऱ्या लागल्या, आयुष्य कुठल्या कुठे गेले. आणि आता त्यांनी पुन्हा त्याच चौकशीला सामोरे जायचे. त्यांचे म्हणणे खोटे ठरले म्हणून हे झालेले नाही. त्यांच्या म्हणण्याच्या खरेखोटेपणापर्यंत न्यायालय गेलेच नाही. समितीने थोडा वेळ वाचवायला पाहिला आणि मुलींची चौदा वर्षे गेली. म्हणून मी प्रत्येक नव्या समितीला सांगते की प्रतिवादीला द्यायची नोटीस ही तक्रारदार बाईच्याच भल्यासाठी आहे. बैठकीचे टिपण, दोघांच्या सह्या, तारखा, दिलेल्या आणि नाकारलेल्या मुदतीची कारणे हे सगळे नीट लिहून ठेवलेले असेल तर अहवाल वरच्या कोर्टात टिकतो. बाईबद्दल नुसती सहानुभूती बाळगून तिला न्याय मिळवून देता येत नाही.

त्याच निकालात न्यायालयाने एक वृत्तपत्रीय पाहणी उद्धृत केली होती. देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत अशी समितीच नव्हती. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल व्यवस्थापनाला आणि दोन्ही पक्षांना द्यायचा. तक्रार सिद्ध झाली तर समिती शिक्षेची शिफारस करते. लेखी माफीपासून ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणे, समुपदेशन ते नोकरीतून काढणे इथपर्यंत. त्याच्या पगारातून कापून तिला भरपाईही देता येते. ती ठरवताना तिला झालेला मानसिक त्रास, करिअरमधली हुकलेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि त्याची ऐपत पाहायची असते. व्यवस्थापनाने साठ दिवसांत अंमलबजावणी करायची. नव्वद, दहा आणि साठ मिळून १६० दिवस होतात. अनघाने २ जूनला तक्रार दिली असेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे आटोपायला हवे. निकाल न पटल्यास दोघांपैकी कुणालाही नव्वद दिवसांत अपील करता येते.

आता ज्या कलमाची भीती घातली जाते त्याकडे येऊ. 'खोटी तक्रार केली तर तुझ्यावरच कारवाई होईल' असे तक्रार द्यायला गेलेल्या मुलीला कॅन्टीनमध्येच कुणीतरी ऐकवते. कायद्यात तसे कलम आहे, १४ वे. पण ते पुढे काय म्हणते हे कुणी सांगत नाही. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्याने ती खोटी ठरत नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. ती जाणूनबुजून, आकसाने किंवा खोटे कागद तयार करून केली होती हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावे लागते. पुरावा अपुरा पडणे आणि खोटे बोलणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एखादा पुरुष खरोखर निर्दोष असेल तर त्याला संरक्षण देते ती वर सांगितलेली नीट चालवलेली चौकशी. तक्रारदाराला घातलेल्या धाकाने कुणाचेच संरक्षण होत नाही.

गुप्ततेचा नियम दोघांनाही लागू आहे. नावे, तक्रारीतला मजकूर, चौकशीतले बोलणे, शिफारशी यातले काही बाहेर जाता कामा नये. माहितीच्या अधिकारातही ते मिळत नाही. बाहेर फोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे. न्याय मिळाला एवढे, कुणाचीही ओळख न सांगता, जाहीर करता येते. लहान ऑफिसात हा नियम पाळणे फार अवघड जाते. बैठकीची खोली कुठली, चहा घेऊन कोण येतो, फोटोकॉपी कोण काढतो इथपर्यंत विचार करावा लागतो. बैठक शक्यतो ऑफिसच्या इमारतीबाहेर घ्यावी असा माझा आग्रह असतो.

हे सगळे चालू असताना पोलिसांकडे जायला कुठलीही आडकाठी नाही. भारतीय न्याय संहितेचे ७५ वे कलम लैंगिक छळाबद्दलच आहे. बाईला फिर्याद द्यायची असेल तर तिला मदत करणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. "आधी समितीचा निकाल लागू दे" असे तिला सांगता येत नाही.

आतापर्यंत बोलले ते मोठ्या ऑफिसांबद्दल. पण किराणा दुकानात दोन मुली, दवाखान्यात एक नर्स, शिवणकामाच्या छोट्या युनिटमध्ये सहा बायका, घरकाम करणाऱ्या ताई यांनी कुठे जायचे? माणसे दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ऊसतोडीच्या फडावर ज्याच्या हाताखाली काम करायचे त्या मुकादमानेच छळले, तर त्या बाईचेही दार तेच. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात या समितीबद्दल विचारावे. कायद्याप्रमाणे तालुक्याला आणि शहरात प्रभागाला एक नोडल अधिकारी असायला हवा. त्याच्याकडे दिलेली तक्रार त्याने सात दिवसांत स्थानिक समितीकडे पोचवायची असते. घरकामगार बाईच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर स्थानिक समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे द्यायची असते. इंटरनेटवरून थेट तक्रार करायला केंद्र सरकारचे 'शी-बॉक्स' पोर्टलही आहे.

ही व्यवस्था कागदावर मजबूत आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी नोडल अधिकारी कोण हे विचारा, उत्तर मिळवायला दोन-तीन टेबले फिरावी लागतील. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना पुन्हा आदेश द्यावे लागले की प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, स्थानिक समित्या स्थापन करा. २०१३ च्या कायद्यात जे लिहिले होते तेच अकरा वर्षांनी पुन्हा सांगावे लागले. मला याचा राग येतो, कारण ज्या बायकांना एचआर नाही, ईमेल नाही, लेखी नेमणूकपत्रसुद्धा नाही, त्यांच्यासाठी हा एवढा एकच दरवाजा ठेवलेला आहे.

अंतर्गत समिती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तोच गुन्हा पुन्हा घडला तर दुप्पट, आणि परवानाही रद्द होऊ शकतो. समितीने दरवर्षी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या याचा अहवाल द्यायचा असतो. 'शून्य तक्रारी' असा आकडा अभिमानाने दाखवणाऱ्या कंपन्या मला भेटतात. शेकडो माणसे काम करतात तिथे वर्षानुवर्षे शून्य हा आकडा दिसला की मी त्या कागदाकडे पाहते, तो कुठे लावला आहे, कुठल्या भाषेत आहे, हाऊसकीपिंगच्या बायकांना तो वाचता येतो का.

उद्या ऑफिसात गेलात की तो कागद एकदा थांबून वाचा. त्यावरच्या नंबरवर फोन करून पाहा. लागत नसेल, नावे जुनी असतील किंवा कागदच नसेल, तर एचआरला लेखी कळवा आणि पोच घ्या. तुम्ही पुरुष असाल तरीही कळवा.